विहिरीतलं खारं पाणी, फ्रॅक्शनल डिफ्युजन आणि मध्येच आलेला क्वाड्रॅटिक फॉर्म

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचतोय इथे, लिहितोय पहिल्यांदाच.

घर दाभोळ खाडीच्या गुहागरकडच्या काठावर. आगरात विहीर आहे, आजोबांनी जांभा फोडून खणलेली. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला विहिरीत खारटपणा चढतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे गेली दोन वर्षं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घेऊन आकडे टिपत बसलोय, जमेल तेव्हा दर तासाला.

मला छळणारी गोष्ट अशी की खारटपणा चढतो भराभर पण उतरताना मात्र उतरतच नाही. सुरुवातीला झपाट्याने कमी होतो आणि मग नुसता रेंगाळतो. साध्या डिफ्युजनच्या, म्हणजे मीठ आपोआप पसरण्याच्या, समीकरणाने तो एक्स्पोनेन्शियल उतरायला हवा, म्हणजे ठरावीक वेळात निम्मा, परत तेवढ्याच वेळात पाव. माझ्या वहीतल्या आकड्यांचा दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन आलेख काढला तर शेपटीचा भाग जवळजवळ सरळ रेषेत येतो, म्हणजे ती वेळेच्या घातांकाने उतरतेय. वाचताना फ्रॅक्शनल डिफ्युजन सापडलं: वेळेचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) पूर्ण एक वेळा न घेता ०.५ वेळा किंवा ०.६ वेळा घ्यायचं; या घाताला अल्फा म्हणतात. कापुतोची १९६७ सालची व्याख्या वापरली आणि एल-वन पद्धतीने प्रोग्रॅम लिहिला.

एल-वन म्हणजे थोडक्यात असं, की आत्तापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यात किती बदल झाला ते घ्यायचं, प्रत्येक बदलाला एक वजन द्यायचं आणि बेरीज करायची. घात ०.५ असेल तर वजनं १, √२−१, √३−√२, २−√३ अशी येतात, म्हणजे १, ०.४१४, ०.३१८, ०.२६८, ०.२३६… शून्याकडे जातात पण शून्य कधीच होत नाहीत. त्यामुळे प्रत्येक नव्या तासाला पहिल्या तासापर्यंतचं सगळं आठवावं लागतं. दोन वर्षांचे १७,५२० तास, म्हणजे हिशेबासाठी जमिनीवर कल्पिलेल्या जाळीच्या एकेका बिंदूला पंधरा कोटींच्या वर गुणाकार, आणि असे बिंदू चारशे! जुना लॅपटॉप, त्यात पावसात लाईटचा भरवसा नाही, म्हणून मी सरळ कात्री लावली, फक्त मागचे २०० तास आठवायचे, आठ दिवसांवर थोडे.

तर पहिले आठ दिवस उत्तर वहीशी छान जुळतं आणि नंतर प्रोग्रॅमची रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. शेपूट गायब. प्रश्न दोन. हे का होतंय आणि यावर उपाय काय? शिवाय वाचताना सारखं येतं की पद्धत स्थिर आहे कारण अमुक क्वाड्रॅटिक फॉर्म पॉझिटिव्ह आहे. क्वाड्रॅटिक फॉर्मचा इथे काय संबंध, ते कोणी नीट सांगेल का?

ओहोटी

पाणी उपसता का? पंप लावत असाल तर नुसतं डिफ्युजन नाही राहिलं, प्रवाहसुद्धा आला. आणि पहिल्या पावसानंतर तर सगळंच बदलतं. आधी ते वेगळं काढा, मग घाताच्या मागे लागा.

खाडीकाठ

बरोबर आहे तुमचं. पंपाच्या दिवसांचे आकडे मी बाजूला काढलेत आणि पाऊस सुरू झाला की वही बंद. वापरतोय ते फक्त मार्च ते मेमधल्या न उपसलेल्या दिवसांचे तुकडे. तरी प्रवाह शून्य आहे असा दावा नाही माझा, खाडीची पातळी दिवसातून दोनदा वरखाली होतेच.

चिरेबंदी

जांभ्यावर बोलायला मिळतंय म्हणून लिहितो, माझं काम चिरेखाणींशी संबंधित आहे.

जांभा हा बाहेरून दिसतो तसा एकजीव दगड नाही. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा कडक सांगाडा, त्यात वेड्यावाकड्या नळ्या, आणि कित्येक नळ्यांत मऊ चिकणमाती भरलेली. काही नळ्या आरपार जातात, काही मध्येच बंद होतात. ताजा चिरा सूरीने तासता येतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होतो, म्हणून तर आपल्याकडे घरं, गडगे, विहिरी सगळं त्याचंच. बुकाननने मलबारात हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिलं तेही लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरूनच.

आता मीठ अशा दगडात शिरतं तेव्हा काय होतं बघा. मोठ्या नळ्यांतून पटकन आत येतं, पण वाटेत बंद नळ्यांत आणि चिकणमातीत अडकतं. तिथून बाहेर यायला कधी तास, कधी दिवस, कधी महिने. सगळे खड्डे एकाच मापाचे असते तर थांबण्याची वेळही एकाच मापाची असती आणि तुमची शेपूट एक्स्पोनेन्शियलच आली असती. मापं फार पसरलेली असली, काही ठिकाणी सरासरी थांबणं काढताच येत नाही इतकी, तरच घातांकाची शेपूट येते. याला कंटिन्युअस टाइम रँडम वॉक म्हणतात, मॉन्ट्रोल आणि वाइस यांचा १९६५ चा पेपर मूळ मानतात. दारुड्याच्या चालीसारखीच चाल, फक्त प्रत्येक पावलाआधी किती वेळ थांबायचं हेही नशिबावर. त्या चालीचं मोठ्या प्रमाणावरचं समीकरण म्हणजेच तुमचं अल्फावालं डिफ्युजन. कण मूळ जागेपासून किती लांब गेले त्याचा वर्ग साध्या डिफ्युजनमध्ये वेळेच्या प्रमाणात वाढतो, इथे वेळेच्या अल्फाव्या घाताच्या प्रमाणात.

तुमच्या विहिरीत हेच चाललंय की नाही ते वहीच सांगेल, पण जांभ्यात असं होणं मला तरी पटण्यासारखं वाटतं.

सड्यावरची

खाडीकाठ सर, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी देवगडची, सध्या न्यूमेरिकल ॲनालिसिसमध्येच पीएचडी करतेय आणि कात्री लावण्याची हीच चूक करून मी चार महिने घालवलेत, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. फक्त मागचे २०० टप्पे आठवायचे असं ठरवलं की तुमचा प्रोग्रॅम म्हणजे २०० पदांचं साधं रिकरन्स (मागच्या आकड्यांवरून पुढचा काढायचा ठरावीक नियम) होतं, आणि असल्या रिकरन्सची उत्तरं ही कितीही डोकं आपटलं तरी एक्स्पोनेन्शियलची बेरीजच असते. शेवटी त्यातलं सगळ्यात मंद एक्स्पोनेन्शियल उरतं आणि बाकी सगळं मरतं. घातांकाची शेपूट ही सगळ्या जुन्या आठवणींची मिळून बनलेली असते, प्रत्येक आठवण क्षुल्लक, पण संख्या प्रचंड. म्हणजे जी गोष्ट मोजायला तुम्ही हे समीकरण घेतलंत नेमकी तीच कात्रीने कापलीत.

पण एक बघा, तुमचा प्रोग्रॅम चुकला तरी उडाला नाही. आकडे अब्जांत गेले नाहीत, खारटपणा ऋण आला नाही. का? एल-वनमध्ये नवी किंमत एका बाजूला ठेवून बाकीचं पलीकडे नेलं तर जुन्या किमतींचे गुणक शेजारच्या वजनांतले फरक असतात: १ वजा ०.४१४, मग ०.४१४ वजा ०.३१८, असं करत करत. वजनं उतरती असल्याने सगळे फरक धन, आणि त्यांची बेरीज बरोबर १. म्हणजे नवी किंमत ही जुन्या किमतींची सरासरी आणि वर डिफ्युजनमुळे थोडी घट. सरासरी कधी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जात नाही. कात्री लावल्यावरही वजनं उतरतीच राहतात, म्हणून तुम्ही वाचलात. इथे क्वाड्रॅटिक फॉर्मची गरजच पडली नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या समीकरणात आठवण दुसऱ्या बाजूला आहे. स्मरण असलेल्या पदार्थातली उष्णता: डावीकडे साधं एक वेळचं डेरिव्हेटिव्ह, आणि उजवीकडे डिफ्युजनच्या पदावर भूतकाळाचं वजनदार इंटिग्रल. वजनं बघायला गेलं तर तुमचीच, त्याच सूत्राची. मीही मेमरी वाचवायला कात्री लावली, घात असा होता की वजनं फार सावकाश उतरायची, आणि माझं उत्तर डोलायला लागलं, मग डोलणं वाढायला लागलं, मग धन-ऋण धन-ऋण करत हाताबाहेर गेलं. मला वाटायचं कोडमध्ये चूक आहे. कोड ओळ न् ओळ तपासला, दोनदा पहिल्यापासून लिहिला. चूक कोडमध्ये नव्हतीच.

इथे सरासरीची युक्ती चालत नाही. इथे काय करतात, तर समीकरणाला चालू किमतीने गुणतात आणि सगळ्या टप्प्यांची बेरीज घेतात. डावीकडे शेवटच्या किमतीचा वर्ग वजा पहिल्या किमतीचा वर्ग, याचं निम्मं, इतकं तरी नक्की येतं. उजवीकडे वजा चिन्हासकट अशी बेरीज येते, जिच्यात प्रत्येक किंमत तिच्या आधीच्या प्रत्येक किमतीशी गुणलेली असते, वजनासकट. सगळी पदं दोन घाताची. हाच तो क्वाड्रॅटिक फॉर्म. कुठल्याही किमती घातल्या तरी तो ऋण होत नसेल, तर उजवी बाजू वाढवू शकत नाही आणि उत्तर सुरुवातीच्या वर कधीच जात नाही, पायरी कितीही मोठी घ्या. ऋण होऊ शकत असेल तर ही हमी गेली.

आणि तो ऋण न होण्यासाठी वजनं धन आणि उतरती असून पुरत नाही. हे मला कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. उदाहरण हाताने करून बघा. वजनं १, १, १, १, १ आणि मग शून्य घ्या, म्हणजे मागचे पाच टप्पे पक्के आठवतात आणि सहावा पूर्ण विसरला. धन आहेत, वाढत नाहीत. किमती घ्या १, १, ०, −१, −१, ०, परत १, १, ०, −१, −१, ० असं पुढे. प्रत्येक किमतीला स्वतःसकट मागच्या पाचांच्या बेरजेने गुणा आणि बेरीज चालू ठेवा.

खाडीकाठ

ताई, काल रात्री लाईट गेले होते तेव्हा पडवीत बसून कागदावर केलं हे. पहिल्या सहा टप्प्यांत गुणाकार १, २, ०, −१, ०, ०, बेरीज २. पुढच्या सहांत −१, ०, ०, −१, ०, ०, म्हणजे एकूण शून्य. आणि तेराव्या टप्प्याला −१, बेरीज ऋण! त्यानंतर दर सहा टप्प्यांना दोन दोनने खाली जातच राहते. मला खरंच वाटलं नव्हतं. सगळी वजनं धन असताना बेरीज ऋण जाते हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

आणि कारणही मग लक्षात आलं. सहा टप्प्यांची पूर्ण लाट घेतली की बेरीज शून्य, म्हणून मागच्या पाचांची बेरीज म्हणजे पुढे येणाऱ्या किमतीचा ऋण. ज्या क्षणी लाट वर, तेव्हाच तिची आठवण उलटी. भरती-ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडाशी उलट वेळेला ढकललं गेल्यासारखं.

सड्यावरची

अगदी बरोबर! आता तेच समीकरणात घाला. नवी किंमत वजा जुनी किंमत = वजा म्यू गुणिले मागच्या पाचांची बेरीज, चालू किंमत धरून. म्यू म्हणजे डिफ्युजन आणि पायरी मिळून येणारा गुणक. म्यू बरोबर १ असेल तर १, १, ०, −१, −१, ० ही लाट या समीकरणाचं उत्तरच आहे, ती कधीच विझत नाही. म्यू १ च्या थोडा वर नेला, २ वगैरे, की लाट हळूहळू वाढायला लागते, टप्प्याला साधारण दीड टक्का. सुरुवातीला कळतही नाही आणि म्हणूनच मला चार महिने लागले.

आणखी एक, प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. फॉर्म ऋण होऊ शकतो म्हणजे प्रोग्रॅम उडणारच असं नाही, फक्त पुरावा जातो. खरी वजनं घेऊन बघा. वजनं २ चा ०.९ वा घात वजा १ अशा तऱ्हेने काढली तर १, ०.८६६, ०.८२२, ०.७९४, ०.७७४ येतात. पाचांवर कात्री लावली तर त्याच सहा टप्प्यांच्या लयीला फॉर्मचा गुणक −०.१६ च्या आसपास येतो, ऋण. तुमची ०.५ ची वजनं पाचांवर कापली तर तोच गुणक ०.६६, आरामात धन. म्हणजे आठवण जितकी हट्टी, तितकी कात्री घातक.

माका_सांगा

मी मालवणचो. वाचूक बरा वाटता पण माका एक समाजला नाय. वजनां उतरती असून पुरत नाय, तर मग काय लागता? साध्या शब्दांत कोण सांगीत काय?

सड्यावरची

सांगते दादा. उतार हळूहळू सपाट होत जायला हवा. म्हणजे पहिली घसरण सगळ्यात मोठी, पुढची त्याहून लहान, असं. यालाच कॉन्व्हेक्स म्हणतात. १, ०.४१४, ०.३१८, ०.२६८ यात घसरणी ०.५८६, ०.०९६, ०.०५०… कमी कमी होत गेल्या, छान. १, १, १, १, १, ० यात चार वेळा काहीच घसरण नाही आणि मग एकदम कडा. विसरायचं तर सावकाश विसरायचं, एकदम नाही.

का पुरतं तेही चित्रात सांगता येतं. एका खिडकीतल्या किमतींची बेरीज करा, समजा लागोपाठ तीन किमती, आणि तिचा वर्ग करा. खिडकी एकेक घर पुढे सरकवत सगळे वर्ग मिळवा. वर्गांची बेरीज, ऋण होणं शक्यच नाही. आता ती उकलून बघा: प्रत्येक किंमत स्वतःशी तीन वेळा, शेजारच्याशी दोन वेळा, त्याच्या पलीकडच्याशी एकदा (आणि जोड्या दुहेरी मोजल्या जातात). म्हणजे ३, २, १, ०, एक त्रिकोण. त्रिकोणी वजनं म्हणजे वर्गांची बेरीज. आणि कॉन्व्हेक्स पद्धतीने शून्यावर जाणारी कुठलीही वजनं म्हणजे लहानमोठ्या त्रिकोणांची एकावर एक रास, प्रत्येक त्रिकोण धन प्रमाणात. वर्गांच्या बेरजांची बेरीज, म्हणून धन. इतकंच आहे. त्या दुहेरी मोजण्यामुळे पहिलं वजन निम्मं असलं तरी चालतं, एल-वनमध्ये ते पूर्ण १ आहे, म्हणजे निम्मं शिल्लकच. फूरियर मालिकांत फेयेरचं कर्नल म्हणतात ते हेच. माझ्या प्रकारच्या समीकरणाला लोपेझ-मार्कोस यांनी १९९० च्या पेपरात हे वापरलं आणि तेव्हापासून या विषयात सगळे तेच हत्यार घेऊन फिरतात.

माका_सांगा

आता समाजला. त्रिकोणांची रास. देव बरे करो.

आगरातला_माड

मुलांनो, मी निवृत्त गणिताचा शिक्षक, अलिबागजवळ असतो. क्वाड्रॅटिक फॉर्म म्हटलं की मला दुसरंच जग आठवतं, ते इथे मांडल्याशिवाय जात नाही.

आपल्याकडे याला वर्गप्रकृती म्हणायचे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये भावना दिली: एका वर्गात दुसऱ्या वर्गाची ठरावीक पट मिळवून झालेल्या दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा त्याच रूपात लिहिता येतो. आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या बीजगणितात चक्रवाल नावाच्या पद्धतीने ६१ चं कोडं सोडवलं: एका वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्ग यावा. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. हातानं, पाटीवर! फेर्माने युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच ६१ ठेवला तो त्यानंतर पाचशे वर्षांनी. तिथे फॉर्म धन-ऋण मिश्र असतो, एक वर्ग वजा दुसरा, आणि तो मिश्र असण्यातच सगळी गंमत असते. तुम्हाला इथे तो निव्वळ धन हवा आहे.

निव्वळ धन फॉर्मचंही पूर्णांकांतलं शास्त्र फार मोठं. रामानुजन यांनी १९१७ मध्ये चार वर्गांचे असे ५५ फॉर्म दिले की ज्यांत सगळ्या धन पूर्णसंख्या मिळतात. त्यातला एक, १, २, ५, ५ गुणकांचा, १५ ला चुकतो, बाकी ५४ बरोबर. आणि १९९३ मध्ये कॉनवे आणि श्नीबर्गर यांनी दाखवलं की मॅट्रिक्सचे आकडे पूर्णांक असतील तर १५ पर्यंतच्या संख्या तपासल्या की पुरे, पुढच्या सगळ्या आपोआप. त्याची सोपी सिद्धता मंजुल भार्गव यांनी दिली आणि मग हँकेंबरोबर २९० चं प्रमेयही.

आता तुमच्या धाग्याशी जोडतो. ताईंच्या १, १, १, १, १ वजनांत फक्त तीन किमती घ्या. फॉर्म येतो अ² + ब² + क² + अब + बक + अक. हा धन आहे, कारण याची दुप्पट म्हणजे (अ+ब)², (ब+क)² आणि (अ+क)² यांची बेरीज. हाच फॉर्म नारळांच्या राशीचा! वाडीत नारळ रचताना खालच्या तीन-तीनच्या खोबणीत वरचा बसवतो ना, त्या रचनेत एका नारळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा वर्ग याच फॉर्मने मिळतो. गाउसने १८३१ मध्ये सिद्ध केलं की जाळीत बसणाऱ्या रचनांमध्ये यापेक्षा दाट रचना नाही. तीन किमतींपर्यंत तुमचं कापलेलं स्मरण म्हणजे ही सुंदर रास, आणि तेरा किमतींवर तोच नियम ऋण. मला हे आज कळलं, सत्तरी उलटल्यावर. फार आनंद झाला.

ओहोटी

नारळाची रास आणि हे एकच हे भारी आहे सर. पण मूळ प्रश्न राहिला, उपाय काय?

सड्यावरची

हो, येते त्यावर. माड सर, तुमचं वाचून मीच दोनदा थांबले, तीन किमतींचं हे मी कधी पाहिलं नव्हतं.

उपाय: कापू नका, बदला. सावकाश उतरणाऱ्या वजनांच्या जागी एक्स्पोनेन्शियल वजनांची बेरीज घ्या, काही पटकन विसरणारी, काही दिवसांत, काही महिन्यांत, काही वर्षांत. एका एक्स्पोनेन्शियलची आठवण सांभाळायला एकच आकडा लागतो: प्रत्येक टप्प्याला जुन्या आकड्याला गुणकाने गुणायचं आणि नवा बदल मिळवायचा, बस. मागची वही चाळावीच लागत नाही. अशी किती लागतात, तर टप्प्यांच्या लॉगच्या हिशेबाने, म्हणजे तुमच्या साडेसतरा हजार टप्प्यांना काही डझन पुरतील. वर्गाच्या प्रमाणात वाढणारं काम जवळपास टप्प्यांच्याच प्रमाणात येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक्स्पोनेन्शियल स्वतःच कॉन्व्हेक्स असते. गुणक धन ठेवले तर बेरीजही उतरती आणि कॉन्व्हेक्स, म्हणजे तुमच्या बाजूची सरासरीची युक्तीही चालते आणि माझ्या बाजूचा क्वाड्रॅटिक फॉर्मही धन राहतो. फिटिंग करताना लीस्ट स्क्वेअरने गुणक ऋण येऊ देऊ नका, तेवढं सांभाळा. चिरेबंदी दादांनी सांगितलेलं चित्रही हेच आहे बघा, वेगवेगळ्या मापाचे खड्डे, प्रत्येकाची आपली थांबण्याची वेळ.

अजून एक खाच आहे. उधाण संपल्या क्षणी बदलाचा वेग अनंत असतो या समीकरणात, म्हणून एकसारखे तास धरले तर एल-वनची जी २ वजा अल्फा घाताची अचूकता पुस्तकात लिहिलेली असते ती मिळत नाही. सुरुवातीला टप्पे बारीक आणि मग रुंद करत न्यायचे. रुंदी किती वेगाने वाढवायची याचं माप स्टाइन्स, ओ'रायर्डन आणि ग्रासिया यांच्या २०१७ च्या पेपरात आहे: (२ − अल्फा) भागिले अल्फा हा घात. फक्त असे टप्पे घेतले की वजनं दर ओळीला बदलतात, त्रिकोणांची रास तशीच्या तशी लावता येत नाही. तेव्हा मी सरळ फॉर्मचं सिमेट्रिक मॅट्रिक्स मांडून त्याचं चोलेस्की करते, म्हणजे मॅट्रिक्सचं एक प्रकारचं वर्गमूळ काढते. वर्गमुळाखाली ऋण आकडा आला की फॉर्म धन नाही. किती दिशांना ऋण आहे तेही हवं असेल तर मॅट्रिक्स कर्णरूपात आणून कर्णावरचे धन-ऋण आकडे मोजायचे, सिल्व्हेस्टरचा १८५२ चा नियम आहे की चलं कशीही बदला, ही मोजणी बदलत नाही.

चिरेबंदी

जागेचं डेरिव्हेटिव्हही फ्रॅक्शनल करतात ना काही जण? लांब उड्यांसाठी?

सड्यावरची

करतात, घात १ आणि २ च्या मध्ये. तिथे ग्रुनवाल्डचं सूत्र जसंच्या तसं वापरलं तर इम्प्लिसिट पद्धतही अस्थिर होते, एक घर सरकवून घ्यावं लागतं. मीअरशार्ट आणि ताजेरान, २००४. पण विहिरीला ते लागेल असं वाटत नाही, जांभ्यात मीठ अडकतं, उड्या मारत नाही.

खाडीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

तीस एक्स्पोनेन्शियल घेतल्या, सगळ्यात मंद दोन वर्षांच्या मापाची. गुणक धनच राहतील अशी अट घालून फिटिंग केलं. पहिल्या दोन हजार टप्प्यांसाठी पूर्ण स्मरणाचा प्रोग्रॅम रात्रभर चालवून ठेवला होता, त्याच्याशी ताडून बघितलं, आलेखात दोन्ही रेषा एकावर एक बसतात. आणि दोन वर्षांचा पूर्ण हिशेब आता चहा होईपर्यंत संपतो. शेपूट आली! लॉगच्या आलेखावर सरळ, वहीतल्या ठिपक्यांच्या मधून.

माड सर, तुमचा नारळांचा फॉर्म मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर दाखवला, आणि मग पाच-पाचच्या बेरजेचं तेराव्या टप्प्यापर्यंत त्यांच्याकडूनच करून घेतलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की सर, पाचच्या ऐवजी चार आठवले तर कितव्या टप्प्याला ऋण होईल? मला येत नव्हतं. ती आणि मी दोघंही अजून करतोय.

एक अडचण उरलीय. मार्चच्या तुकड्यांना अल्फाची एक किंमत येते आणि मेच्या तुकड्यांना त्याहून जरा कमी. पाणी खाली गेल्यावर जांभ्याचा वेगळा थर उघडा पडतो म्हणून असेल का? चिरेबंदी, तुमच्याकडे कधी सवड असेल तर विहिरीच्या बांधाचे वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो टाकतो, नळ्या कुठे दाट आहेत आणि कुठे माती जास्त आहे ते तुम्हीच ओळखू शकाल.

चिरेबंदी

टाका. शक्यतो ओहोटीच्या वेळी, बांध ओला असताना काढा, मातीच्या नळ्या रंगाने वेगळ्या दिसतात. आणि बाजूला फूटपट्टी धरा.